संकोचलेला महामार्ग : ट्रकचालनाच्या संगणकीय खेळांतील रस्त्यांच्या प्रतिरचनेची समीक्षा

सारांश

वास्तवातील रस्त्यांचे जाळे संगणकाच्या पडद्यावर उभे करताना ते लहान करावेच लागते. हा संकोच कोणत्या तत्त्वाने केला जातो, त्यात काय राखले जाते आणि काय गाळले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात 'युरो ट्रक सिम्युलेटर २' (२०१२) व 'अमेरिकन ट्रक सिम्युलेटर' (२०१६) या दोन खेळांच्या आधारे केला आहे. या खेळांतील प्रतिरचना ही नक्कल नसून नाट्यधर्मी स्वरूपाची संकेतबद्ध कला आहे, हे लेखाचे पहिले प्रतिपादन होय. या कलेत अंतराचा संकोच प्रमाणबद्ध असला तरी प्रतीक्षेचा लोप जवळजवळ संपूर्ण आहे आणि त्यामुळे श्रमाचे ठिकाण म्हणून असलेले रस्त्याचे रूप पुसट होते, हे दुसरे प्रतिपादन होय.

बीजशब्द : प्रतिरचना, प्रमाण, सामान्यीकरण, नाट्यधर्मी, प्रतीक्षा, श्रम.

१. प्रस्तावना

साहित्य, नाटक व चित्रपट यांच्या समीक्षेला मराठीत जशी परंपरा आहे, तशी संगणकीय खेळांच्या समीक्षेला नाही. हे खेळ मनोरंजनाचे साधन मानले जातात. त्यांच्याविषयी चर्चा झालीच, तर ती मुलांवरील परिणामांच्या अंगाने होते. परंतु ज्या कृतीत एखाद्या खंडाचे रस्ते, पूल, घाट, टोलनाके आणि मालधक्के हजारो तपशिलांसह उभे केले जातात, ती कृती भूगोल, नाट्यशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र अशा अनेक ज्ञानशाखांना विचार करायला लावणारी आहे. तिची चिकित्सा एका शाखेच्या चौकटीत पूर्ण होत नाही.

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या संस्थेने २००८ मध्ये 'युरो ट्रक सिम्युलेटर' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा दुसरा, अधिक विस्तृत अवतार ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. 'अमेरिकन ट्रक सिम्युलेटर' फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या खेळांत शत्रू नाही, युद्ध नाही, शर्यतही नाही. एका शहरातून माल उचलायचा, वाहतुकीचे नियम पाळत तो दुसऱ्या शहरात पोहोचवायचा आणि मोबदला घ्यायचा, एवढेच कथानक. कथानक इतके अल्प असल्यामुळे कृतीचा सारा भार रस्त्यावर येतो. रस्ता येथे पार्श्वभूमी राहत नाही. तोच आशय होतो.

या रस्त्यांचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. युरोपच्या नकाशात पूर्व युरोप (२०१३), स्कँडिनेव्हिया (२०१५), फ्रान्स (२०१६), इटली (२०१७), बाल्टिक प्रदेश (२०१८), काळ्या समुद्राचा परिसर (२०१९), आयबेरिया (२०२१), पश्चिम बाल्कन (२०२३) आणि ग्रीस (२०२४) अशी भर पडत गेली. अमेरिकेचा नकाशा कॅलिफोर्निया व नेवाडा या दोन राज्यांपासून सुरू होऊन एकेका राज्याने पूर्वेकडे सरकत गेला. दीर्घकाळ चालू राहिलेली ही रचना एखाद्या कोशाच्या खंडशः प्रकाशनासारखी आहे. कोशाप्रमाणेच येथेही जुन्या खंडांची पुनरावृत्ती करावी लागली. कॅलिफोर्नियाची फेररचना २०२१ पासून टप्प्यांनी करण्यात आली, ती याच कारणाने.

२. प्रमाणाचा प्रश्न

नकाशा आणि भूमी एकाच आकाराची असू शकत नाहीत. देशाएवढा नकाशा करू पाहणाऱ्यांचा उपहास लुईस कॅरल यांनी १८९३ मधील कादंबरीत आणि बोर्हेस यांनी १९४६ मधील लघुकथेत केला आहे. नकाशाची उपयुक्तता त्याच्या लहान असण्यात आहे, हा त्या उपहासाचा अर्थ. परंतु ट्रकचालनाच्या खेळापुढील अडचण नकाशाकाराच्या अडचणीपेक्षा वेगळी आहे. कागदी नकाशात सर्वच गोष्टी एका प्रमाणात लहान होतात. खेळात मात्र ट्रक पूर्ण आकाराचा असतो. त्यामुळे मार्गिकेची रुंदी, फलकांची उंची, पुलाखालची मोकळी जागा आणि वळणाची त्रिज्याही पूर्ण आकारात ठेवावी लागते. अन्यथा ट्रक वळणारच नाही. संकोच करता येतो तो फक्त लांबीचा. रुंदीने खरा आणि लांबीने आखूड असा हा रस्ता आहे. प्रतिरचनेच्या साऱ्या समस्या या एका विसंगतीतून उद्भवतात.

'युरो ट्रक सिम्युलेटर २' मध्ये हे प्रमाण सर्वसाधारणपणे १:१९ आणि ब्रिटनपुरते १:१५ आहे. बर्लिनच्या वळणमार्गापासून म्युनिकपर्यंत जाणारा जर्मनीचा ए-९ हा महामार्ग सुमारे ५३० किलोमीटर लांबीचा आहे. १:१९ या प्रमाणात तो स्थूलमानाने २८ किलोमीटरांचा होतो. जर्मन महामार्गावर जड वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने वास्तवात साडेसहा तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, तर खेळात सुमारे २१ मिनिटे. येथपर्यंत हा केवळ भागाकार आहे. कलेचा प्रारंभ यापुढे होतो. शहराबाहेर खेळातील घड्याळही १९ पट वेगाने चालते. खेळाडूची २१ मिनिटे संपतात तेव्हा पडद्यावरच्या घड्याळात साडेसहा तासांहून अधिक काळ लोटलेला असतो. मार्गदर्शक यंत्रावर दिसणारे अंतरही त्याच पटीत वाढवून दाखवले जाते. परिणामी वेगमापक, घड्याळ आणि अंतर या तिन्हींचे गणित आपसांत जुळते. सकाळी निघालेला ट्रक दुपारी पोहोचतो, वाटेत सावल्या फिरतात, इंधन उतरते. शहरात शिरताच घड्याळ मंदावते, कारण तेथील गल्ल्या व मालधक्के आकाराने वास्तवाच्या अधिक जवळ असतात.

या प्रतिरचनेची विश्वसनीयता कोणत्याही एका मापाच्या अचूकतेवर उभी नाही. ती मापांच्या परस्परसंबंधावर उभी आहे. लांबी खोटी, काळही खोटा. पण त्यांचे गुणोत्तर खरे. हा या खेळांच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानावा लागतो.

प्रमाण बदलले तर अनुभव किती बदलतो, याचे प्रत्यंतर अमेरिकन खेळाच्या इतिहासात मिळते. प्रारंभी तेथील नकाशा १:३५ या प्रमाणात होता. लॉस एंजलिस ते लास व्हेगास हे सुमारे ४३५ किलोमीटरचे अंतर त्या प्रमाणात साडेबारा किलोमीटरांत संपते. मोहावी वाळवंट सुरू होते न होते तोच लास व्हेगास जवळ येते. वाळवंटाचा आशयच मुळी त्याच्या न संपण्यात असतो. तो या प्रमाणात नाहीसा झाला. २०१६ च्या अखेरीस संपूर्ण नकाशा १:२० या प्रमाणात नव्याने मांडण्यात आला. तेच अंतर आता पावणेदोन पट, म्हणजे जवळपास २२ किलोमीटर झाले. नव्या जागा जोडण्याआधी असलेल्या जागाच लांबवण्याचा हा निर्णय अर्थपूर्ण आहे. रस्त्याचे सत्य त्यावरील स्थळांच्या संख्येत नसून स्थळांमधील रिकाम्या अंतरातही असते, याची ती कबुली होय.

३. निवड, सुलभीकरण आणि अतिशयीकरण

भूगोलशास्त्रात नकाशाच्या सामान्यीकरणाच्या प्रक्रिया सांगितल्या जातात. त्यांपैकी निवड, सुलभीकरण, अतिशयीकरण आणि स्थानांतरण या चार येथे विशेष लागू पडतात. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅरी बेक यांच्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशाने प्रत्यक्ष अंतरांचा त्याग करून केवळ क्रम व जोडण्या राखल्या आणि तरीही प्रवाशांना तो अधिक उपयोगी वाटला. ट्रकचालनाचा खेळ बेक यांचा क्रमही स्वीकारतो आणि दृश्याचा आग्रहही सोडत नाही. या दोहोंची सांगड घालताना त्याला सतत निवड करावी लागते.

इंटरचेंजचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दोन महामार्ग जेथे मिळतात, तेथील चढ-उतारांची गुंतागुंत लहान करता येत नाही, कारण वळणे ट्रकच्या मापाचीच हवीत. असे एक इंटरचेंज रस्त्याची एक किलोमीटर लांबी व्यापते असे धरले, तर नकाशाच्या हिशेबात ते १९ किलोमीटर गिळते. ए-९ वर बाहेर पडण्याच्या जागांचे क्रमांक सत्तरीच्या पुढे जातात. २८ किलोमीटरांत त्यांतील दहा जागा पूर्ण आकारात मांडल्या तरी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रस्ता त्यांतच संपेल. त्यामुळे बहुतेक फाटे गाळावे लागतात. गावांची नावे फलकांवर येतात. गावे येत नाहीत. काही फाटे दिसतात, पण त्यांच्या तोंडाशी अडथळा उभा असतो. महामार्ग ज्या प्रदेशाची सेवा करतो, तो प्रदेश अशा रीतीने दोन शहरांमधील देखाव्यात रूपांतरित होतो.

अतिशयीकरणाची गरज पुलांच्या संदर्भात स्पष्ट होते. कोपनहेगन व माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड पूल २००० मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे ७.८ किलोमीटर असून तारांवर तोललेला मुख्य गाळाच ४९० मीटरचा आहे. १:१९ हे प्रमाण काटेकोरपणे लावले, तर संपूर्ण पूल सुमारे ४१० मीटरचा होईल. म्हणजे आपल्याच मुख्य गाळ्यापेक्षा आखूड. काटेकोर अचूकता येथे हास्यास्पद असत्याला जन्म देते. खुणेची वास्तू खुणेसारखी वाटावी यासाठी प्रमाण मोडणे भाग पडते. याउलट एकसुरी पट्टे अधिक आक्रसतात. या खेळांच्या नकाशात प्रमाण हा नियम असला तरी औचित्य हा त्याहून वरचा नियम आहे.

मात्र औचित्याचे निकष कोणाचे, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. काय खूण म्हणून राखायचे आणि काय एकसुरी म्हणून आक्रसायचे, हे ठरवताना प्रवाशाची नजर प्रमाण मानली जाते. पूल, किल्ला, डोंगर, बंदर ही प्रवाशाच्या स्मरणातली स्थळे होत. तो रस्ता रोज तुडवणाऱ्या चालकाची यादी कदाचित निराळी असेल. तीत रात्री जागा मिळणारे वाहनतळ, स्वच्छ स्नानगृह आणि खोळंबा न करणारा मालधक्का यांना पुलापेक्षा वरचे स्थान मिळण्याची शक्यता आहे.

४. नाट्यधर्मी प्रतिरचना

या खेळांचे कौतुक सामान्यतः 'हुबेहूब' या विशेषणाने केले जाते. वरील विवेचनानंतर हे विशेषण अपुरे ठरते. भारतीय नाट्यविचारात लोकधर्मी व नाट्यधर्मी असा भेद केला आहे. लोकव्यवहार जसाच्या तसा दाखवणे ही लोकधर्मी रीत, तर संकेतांच्या आधारे अर्थ सुचवणे ही नाट्यधर्मी रीत. भरताच्या नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाच्या संकेतानुसार रंगभूमीच्या एका भागातून दुसऱ्या भागात गेलेले पात्र दुसऱ्या स्थळी पोहोचले असे मानले जाते. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुन्तल' नाटकाच्या पहिल्या अंकात मृगामागे धावणारा दुष्यंताचा रथ रंगभूमीवर आणण्याची गरज नसते. अभिनय आणि वर्णन यांतून त्याचा वेग प्रत्ययास येतो. तमाशाच्या वगात पात्राने एक फेरी मारली की दुसरे गाव येते आणि प्रेक्षक ते विनातक्रार स्वीकारतो.

या खेळातील २८ किलोमीटरांचा ए-९ हा अशीच एक फेरी आहे. फरक एवढाच की, फेरीच्या दोन्ही बाजूंना लोकधर्मी तपशील खच्चून भरलेला आहे. आरशातील प्रतिबिंब, काचेवरचा पाऊस, त्या त्या देशातील फलकांचा रंग व अक्षरवळण, संरक्षक कठड्यांचे प्रकार या गोष्टी अत्यंत दक्षतेने घडवलेल्या आहेत. तपशील लोकधर्मी, अंतर व काळ नाट्यधर्मी असा हा संमिश्र प्रकार आहे. तपशिलाच्या खरेपणामुळे खेळाडूचे लक्ष अंतराच्या संकेताकडे जात नाही. तमाशातील फेरी आपण फेरी असल्याचे लपवत नाही. हा महामार्ग मात्र आपला संकेत लपवतो. म्हणून त्याच्या समीक्षेची गरज अधिक आहे. उघड संकेत प्रेक्षकाला सावध ठेवतो, तर झाकलेला संकेत हळूहळू वस्तुस्थितीची जागा घेऊ लागतो.

५. गाळलेली प्रतीक्षा

अंतराचा संकोच एकोणीसपट असेल आणि काळाचाही तितकाच असेल, तर चालकाच्या दिवसाचे सर्वच घटक त्याच प्रमाणात आक्रसायला हवेत. तसे घडलेले दिसत नाही. माल चढवणे व उतरवणे क्षणात होते. विश्रांतीस्थळावर ट्रक उभा केला की पडदा काळा होतो, घड्याळ पुढे सरकते आणि चालक ताजातवाना होतो. थकव्याची योजना खेळाडूस हवी तर बंदही करता येते. वाहन चालवणे एकोणीस पट लहान झाले, थांबणे मात्र जवळजवळ शून्यावर आले.

वास्तवातील चालकाचा दिवस थांब्यांनीच बांधलेला असतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमानुसार साडेचार तासांच्या चालनानंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे आणि दैनिक चालनाची सर्वसाधारण मर्यादा ९ तासांची आहे. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या कामाच्या मुदतीत कमाल ११ तास मालवाहू ट्रक चालवता येतो. उरलेला काळ रिकामा नसतो. तो धक्क्यावर, सीमेवर, वाहनतळाच्या शोधात आणि घरापासून दूर वाहनाच्या कोठडीत जातो. पुष्कळदा त्याचा मोबदला मिळतो की नाही, हाच वादाचा विषय असतो.

२०२३ मधील एका घटनेने याचे महत्त्व प्रकर्षाने दाखवून दिले. जर्मनीतील ए-५ महामार्गावर डार्मश्टाटजवळ ग्रेफेनहाउझेन नावाचे विश्रांतीस्थळ आहे. मार्च २०२३ च्या अखेरीपासून तेथे जॉर्जिया, उझबेकिस्तान आदी देशांतील चालकांनी थकीत वेतनासाठी आपले ट्रक उभे केले. तो लढा एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालला आणि चालकांच्या मागण्या मान्य झाल्यावर मिटला. त्याच वर्षी जुलैपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत तेथेच दुसरे, अधिक दीर्घ आंदोलन झाले. न चालणे हेच या चालकांचे एकमेव शस्त्र होते. ज्या स्थळाकडे खेळाचा नकाशा झोपण्याची एक खूण म्हणून पाहतो, ते स्थळ वास्तवात आठवडेच्या आठवडे वस्ती, स्वयंपाक, सभा आणि वाटाघाटी यांचे ठिकाण झाले. पडदा काळा होऊन पुन्हा उजळण्याच्या त्या क्षणात जे गाळले जाते, ते हे.

या लोपाला खेळाच्या आर्थिक कथानकाची साथ आहे. खेळाडू प्रारंभी दुसऱ्याच्या ट्रकवर काम करतो, मग बँकेचे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतो, पुढे गॅरेज व चालक बाळगू लागतो. श्रमिकाने मालक होणे हीच येथे प्रगती आहे. ट्रकचे उत्पादक खऱ्या नावांनी, परवानगीसह अवतरतात. माल पाठवणाऱ्या व नेणाऱ्या संस्था मात्र बहुतांशी कल्पित आहेत. यामागे व्यावसायिक व कायदेशीर कारणे असणे स्वाभाविक आहे. तथापि परिणाम असा होतो की अवजार खरे राहते आणि ते चालवायला लावणारा व्यवहार काल्पनिक होतो.

प्रतीक्षा सर्वस्वी वगळली गेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकन खेळात वजनकाट्यावर थांबावे लागते. मालधक्क्यावर ट्रेलर मागे घेऊन लावण्याचे कसब जपलेले आहे. याहून लक्षणीय गोष्ट खेळाडूंनीच घडवली. अनेकांना एकत्र चालवता यावे यासाठी खेळाडूंच्या समुदायाने उभारलेल्या 'ट्रकर्सएमपी' या योजनेत कॅले ते ड्युइसबुर्ग हा अरुंद रस्ता कोंडीसाठी कुप्रसिद्ध झाला. इतर वाहने दिसावीत म्हणून खेळाडू नेमके तेथेच जात आणि रांगेत खोळंबून राहत. रचनाकारांनी गाळलेला खोळंबा खेळाडूंनी स्वेच्छेने परत आणला. रस्ता ही केवळ ओलांडण्याची गोष्ट नसून इतरांसोबत असण्याचीही जागा आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

६. रस्ता आणि राज्य

रस्त्यांची प्रतिरचना राजकीय निर्णयांपासूनही अलिप्त राहत नाही. रशियाच्या अंतर्भागावर आधारित 'हार्ट ऑफ रशिया' हा विस्तार तयार होत असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि मे २०२२ मध्ये एससीएस सॉफ्टवेअरने तो प्रसिद्ध न करण्याचा निर्णय जाहीर केला. सेंट पीटर्सबर्ग व कालिनिनग्राद हे भाग मात्र २०१८ च्या बाल्टिक विस्तारात आधीच समाविष्ट झालेले होते. त्यामुळे या नकाशात रशिया आहेही आणि नाहीही. पश्चिम बाल्कनच्या विस्तारात कोसोव्होचा समावेश आहे; त्याच्या राज्यत्वाविषयी जगातील राष्ट्रांचे एकमत नाही. रस्ता कोठे संपतो आणि सीमेची पाटी कोठे लागते, हे ठरवताना रचनाकाराला तटस्थ राहता येत नाही. केवळ भूगोल दाखवत असल्याचा दावा कोणताही नकाशा करू शकत नाही, हे जे. बी. हार्ली यांनी १९८९ मध्ये मांडलेले सूत्र येथेही लागू पडते.

७. निष्कर्ष

१) ट्रकचालनाच्या खेळांतील रस्ता वास्तवाची प्रत नसून प्रमाण, निवड व औचित्य यांनी सिद्ध झालेली प्रतिरचना आहे. 'हुबेहूब' ही कसोटी तिला लावणे अप्रस्तुत ठरते.

२) अंतर आणि काळ यांचा एकाच पटीत संकोच करून त्यांचे गुणोत्तर अबाधित राखणे ही या प्रतिरचनेची खरी सिद्धी होय. अमेरिकन नकाशाचे १:३५ वरून १:२० वर येणे हे दर्शवते की रिकामे अंतर हाही रस्त्याच्या आशयाचा भाग आहे.

३) ही प्रतिरचना तपशिलात लोकधर्मी व रचनेत नाट्यधर्मी आहे. तपशिलाच्या विपुलतेमुळे तिचे संकेत झाकले जातात. ते उघड करणे हे समीक्षेचे कार्य आहे.

४) चालनाचा संकोच प्रमाणात झाला असला तरी प्रतीक्षेचा लोप प्रमाणाबाहेर झाला आहे. त्यामुळे रस्ता प्रवासाचा मार्ग म्हणून प्रत्ययास येतो. श्रमाचे स्थळ म्हणून तो क्षीण राहतो.

प्रतीक्षा तशीच्या तशी खेळात आणावी, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. दहा तासांची झोप दहा तास कोणी पाहणार नाही. परंतु ज्या रचनाकारांनी साडेसहा तासांचे चालन २१ मिनिटांत अर्थपूर्ण करून दाखवले, त्यांना दोन तासांचा खोळंबा सहा-सात मिनिटांत अर्थपूर्ण करणे अशक्य नसावे. मालवाहतुकीचा रस्ता चाकांच्या गतीवर जेवढा चालतो, तेवढाच थांबलेल्या माणसांच्या वेळावरही चालतो. या दुसऱ्या मापाला जो नकाशा जागा देईल, तोच या कलेचा पुढील टप्पा ठरेल.